घणाने हब निघत नाही, मामा

रविवारी सकाळी मामाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न : "गॅस कटरवाल्याला किती वाजता बोलावू?"

मामाकडे सीजे-३बी आहे, उंच बॉनेटची जुनी महिंद्रा जीप. मागच्या डाव्या चाकात गिअर ऑइल उतरतंय, ब्रेकचे लायनर भिजलेत, ब्रेक लागत नाही. तेल अडवणारं ऑइल सील बदलायचं तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, काढायला हवा, आणि हब हलत नाही. त्यात त्याला कुणीतरी तो मेसेज पाठवला, जो मला या महिन्यात तीन ग्रुपवर आलाय. "मेकॅनिक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही! जाम झालेला हब १० मिनिटांत घरच्या घरी काढा." खाली सहा-सात उपाय, आणि शेवटी जास्तीत जास्त जीपवाल्यांना पाठवायचा आग्रह. तिघांनाही मी हात जोडलेल्या इमोजीवर सोडलं होतं. आता मामाच घण घेऊन उभा म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

मेसेजची पहिलीच ओळ : "हब गंजाने चिकटतो." इथेच सगळं फिसकटतं. सीजे-३बीच्या मागच्या ॲक्सलच्या शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, टोक निमुळतं आहे आणि हबचं भोकही तसंच निमुळतं. टोकावरचा नट आवळला की हब त्या उतारावर चढून बसतो. चाकाला ताकद जाते ती मुख्यतः या पकडीतून. मधली चावी, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा, जागा दाखवायला आणि आधाराला. म्हणजे हब घट्ट बसणं हा बिघाड नव्हे, ते त्याचं कामच आहे. वीस-तीस वर्षं बसला असेल तर कडेला गंज धरतो, हे खरं. पण गंज नसता तरी तो हाताने निघाला नसता. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीज जीपचा मागचा ॲक्सल वेगळा होता, तिथे फ्लँजचे बोल्ट काढले की शाफ्ट बाहेर येतो. मेसेजवाल्याने सगळ्या जीपा एकाच मापाने मोजल्यात, त्यावरून त्याने किती हब काढले असतील ते कळतं.

"कोल्ड्रिंक ओता, गंज विरघळतो." त्यातलं सौम्य ॲसिड एखादा गंजका खिळा उजळवेल. घट्ट बसलेल्या उतारात ते शिरणार कुठून? गंज सोडवणारं तेल रात्रभर मारून ठेवलं तर निदान कडेचा गंज ढिला होतो. ते लायनरवर जाऊ देऊ नका. पुढे.

आता घण. मेसेज म्हणतो, नट काढा, ॲक्सलच्या टोकावर लाकूड धरा आणि ५ किलोच्या घणाने जोरात हाणा, हब "मागून मोकळा होतो". हे लिहिणाऱ्याने या ॲक्सलच्या पोटात कधी डोकावलेलं नाही. दोन्ही बाजूंचे शाफ्ट डिफरन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या गिअरच्या) मध्यावर एका लहानशा ठोकळ्याला टेकलेले असतात. बाहेरच्या टोकाला प्रत्येकी एक निमुळतं रोलर बेअरिंग. ते बेअरिंग शाफ्टला बाहेर जाऊ देत नाही, आत जाणं अडवत नाही. मग डाव्या टोकावर मारलेला घाव थांबतो कुठे? डावा शाफ्ट ठोकळ्यावर, ठोकळा उजव्या शाफ्टवर, आणि उजवा शाफ्ट स्वतःच्या बेअरिंगवर. तुम्ही डाव्या चाकाशी घाम गाळताय आणि मार खातंय उजव्या चाकाचं बेअरिंग, ज्याने तुमचं काही वाकडं केलेलं नाही. बेअरिंगच्या कड्यावर, रेसवर, रोलरचे ठसे उमटतात. हब निघाला तर निघाला, पण पुढच्या महिन्यात गाडी उजवीकडून घों घों करायला लागते आणि मालक म्हणतो, "डावीकडचं काम केलं तर उजवीकडे कसं बिघडलं?" असं.

शिवाय टोक फुलतं. आटे चेपले की नट बसत नाही, मग लेथवाल्याकडे वारी, नाहीतर नवा शाफ्ट. आणि या जातीचे शाफ्ट आता दुकानात फळीवर ठेवलेले मिळत नाहीत.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर अमेरिकन मोटर्सचं, म्हणजे पुढे अमेरिकेत या जीपा बनवणाऱ्या कंपनीचं, सीजे जीपचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. तिथला ॲक्सल पुढच्या काळातला, पण निमुळता शाफ्ट आणि मधला ठोकळा हीच रचना. त्यात स्पष्ट ताकीद आहे : हब काढायला ठोकून काम करणारा पुलर (हब ओढून काढायचं अवजार) वापरू नका, बेअरिंग किंवा तो मधला ठोकळा खराब होईल. ज्यांनी अशा गाड्या बनवल्या ते ठोक्याच्या पुलरलाही नाही म्हणतायत, आणि आमचा मेसेज घण आणा म्हणतोय.

पण ज्यासाठी मी सकाळचा चहा अर्धा टाकला तो उपाय वेगळाच. "चाक काढायची गरज नाही. गॅस कटरने हब लाल होईपर्यंत तापवा, लोखंड फुगतं, हब सुटतो."

लोखंड फुगतं, बरोबर. चाक न काढता तापवलं की रिममधून उष्णता टायरला पोचते. आतलं रबर जळत नाही, करपतं. त्याचा ज्वालाग्राही वायू टायरच्या आतच साठतो आणि दाब वाढत जातो. मग तो आतल्या आतच पेट घेतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हे लगेच होईल असंही नाही, आच बंद करून माणसं चहा प्यायला गेल्यावरही होतं. हवा सोडली म्हणजे धोका गेला, असंही नाही. ट्रकच्या चाकाचे नट तापवताना माणसं अशी मेली आहेत. मामाच्या जीपशेजारी त्याची दोन नातवंडं खेळत असतात. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

चाक काढून तापवलं तरी हब लाल करायचं कारण नाही. शेजारी गिअर ऑइल, ग्रीस, सील आणि व्हील सिलिंडरचे रबरी वायसर. एक सील बदलायला निघालात, चार वस्तू बदलून याल. शाफ्टच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं तर ते दिसतही नाही, दिसतं ते घाटात तुटल्यावर.

एका मुद्द्यावर मात्र मला मान खाली घालावी लागेल. "नट सैल करून मैदानात आठच्या आकड्यात गाडी फिरवा." ही जुनी युक्ती आहे आणि लागू पडते. मीही दोनदा केलीय. पण मेसेजमध्ये "नट काढून" लिहिलंय! अरे, या ॲक्सलवर चाक हबला आणि हब शाफ्टला, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा तो एकच नट. नट काढून गाडी वळवली तर हब सुटेल, चाक आणि ड्रमसकट सुटेल, आणि तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसाल. करायचंच असेल तर नट दोन आटे सैल, कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आडवी घालतात ती) परत घातलेली, मोकळं मैदान, माणसाच्या चालीचा वेग. टक्क आवाज आला की तिथेच थांबायचं.

"ड्रम निघाला की कॉम्प्रेसरने धूळ उडवा." जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याने कर्करोग होतो यात वाद उरलेला नाही. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा.

"परत बसवताना उतारावर भरपूर ग्रीस लावा, पुन्हा जाम होणार नाही." नाहीच होणार, कारण पकडच राहणार नाही. मग सगळा भार चावीवर येतो, चावीची खाच रुंदावते, आणि गाडी पुढे-मागे घेताना टक टक वाजते. उतार पुसून कोरडा करायचा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळायचा, आणि कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे न्यायचा, मागे कधीही नाही. मेसेज म्हणतो मागे घ्या.

मग हब काढायचा कशाने? पुलरने. व्हील स्टडवर (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांवर) बसणारा, जाड फ्लँजचा. दोन-तीन पायांचा बाजारू पुलर ड्रमच्या कडेला अडकवू नका. नट काढून टाकू नका, शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका राहू द्या, म्हणजे आटे वाचतात आणि हब सुटताना अंगावर येत नाही. मधला स्क्रू ताणा आणि तसाच रात्रभर सोडा. स्क्रूच्या पान्ह्यावर गोल फिरवायला हातोडी मारली तर चालते, टोकावर सरळ मारायची नाही. बहुतेक वेळा कुणी जवळ नसताना ठण्ण आवाज होतो आणि हब सुटतो.

आणि मामा, डाव्या चाकाचे नट काढताना नटावर किंवा स्टडवर एल अक्षर आहे का ते आधी बघ. जुन्या विलीज घडणीत डाव्या बाजूला उलटे आटे असतात, नट उलट दिशेने सुटतो. काल संध्याकाळी तू दोन स्टड तोडलेस म्हणालास ना, ते त्यामुळेच. पुलर आज भाड्याने मिळाला असेल तर लावून ठेव, गॅसवाल्याला नको म्हण, आणि सकाळी फोन कर.