डेली चेरी-इव्हान्सवर तोंडसुख घेणाऱ्यांनो, पुरे करा आता

सिडनीत राहायचं, मॅन्ली या इथल्या रग्बी लीग क्लबला सपोर्ट करायचा आणि त्याचा माजी कॅप्टन डेली चेरी-इव्हान्स, म्हणजे डीसीई, याच्याबद्दल लोकांची मुक्ताफळं ऐकायची, हा आता रोजचाच छळ झालाय. ऑफिसात तेच, ट्रेनमध्ये तेच, आपल्या मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलं तरी तेच. डीसीई स्वार्थी आहे, डीसीई गर्विष्ठ आहे, डीसीईने क्लबला टांग मारली. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याची एक मॅच धड शेवटपर्यंत पाहिलेली नसते! डोकं फिरतं माझं.

३१ मार्च २०२५ ला त्यानं टीव्हीवर जाहीर केलं की या सीझननंतर मी मॅन्ली सोडणार. सीझन नुकता कुठे सुरू झाला होता. ती वेळ चुकलीच, मलाही ते आवडलं नव्हतं. पण तेवढ्यावरून माणसाचे पंधरा सीझन मातीत घालायचे? २०११ ला, पदार्पणाच्याच वर्षी, हा माणूस प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकणाऱ्या टीममध्ये होता. २०१३ ची ग्रँड फायनल रूस्टर्स या सिडनीच्याच दुसऱ्या क्लबनं २६-१८ अशी घेतली, तरी फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल मिळालं ते हरलेल्या मॅन्लीच्या या हाफबॅकला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सात नंबरच्या खेळाडूला. क्लबकडून साडेतीनशेवर मॅचेस खेळला. मॅन्लीच्या इतिहासात तेवढ्या दुसरं कुणीही खेळलेलं नाही.

आणि निष्ठेच्या गप्पा मारणाऱ्यांनी जरा २०१५ आठवावं. गोल्ड कोस्ट टायटन्स या दुसऱ्या क्लबशी त्याचा करार झाला होता, पुढच्या वर्षी तिकडे जायचं ठरलं होतं. तेव्हाच्या नियमानुसार तेराव्या राउंडपर्यंत मागे फिरता यायचं. तो फिरला आणि मॅन्लीतच राहिला. गोल्ड कोस्टवाले संतापले, आणि आपण? आपण नाचलो! दिलेला शब्द त्यानं मोडला होता, पण फायदा आपला होता म्हणून तो घरचा माणूस झाला. दहा वर्षांनी तोच माणूस करार पूर्ण करून, कुणाचाही शब्द न मोडता, रीतसर बाहेर पडतो आणि आता तो गद्दार? लाज वाटली पाहिजे.

त्याच्या ‘ॲटिट्यूड’चं तर विचारूच नका. मोजकं बोलतो, चेहऱ्यावर काही दाखवत नाही. जिंकलो की हाच माणूस ‘शांत डोक्याचा’, हरलो की ‘थंड, आतून काही वाटतच नाही त्याला’. अरे, जुलै २०२२ आठवतोय का? क्लबनं खेळाडूंना न विचारता समलिंगी समुदायाच्या पाठिंब्यासाठी इंद्रधनुष्याच्या रंगांची जर्सी आणली, सात जणांनी ती घालायला नकार दिला आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हा कोच डेस हॅस्लरच्या शेजारी बसून पत्रकारांना तोंड कुणी दिलं? यानंच. निर्णय दुसऱ्यांचा, उत्तरं कॅप्टनची. तेव्हा कुणाला त्याचा ॲटिट्यूड खुपला नाही.

क्वीन्सलंड राज्याच्या टीमचंही तेच. २०२० च्या टीमला सगळ्यांनी आजवरची सगळ्यात वाईट क्वीन्सलंड टीम म्हणून हिणवलं. याच्या कॅप्टनशिपखाली त्याच टीमनं ओरिजिन, म्हणजे न्यू साउथ वेल्सविरुद्धची दरवर्षीची तीन मॅचेसची सिरीज, २-१ नं जिंकली. पुढे २०२२ आणि २०२३ पण जिंकली. मग २०२५ ची पहिली मॅच १८-६ नं हरले, कोच बिली स्लेटरनं याला काढून टॉम डिअर्डनला सात नंबर दिला आणि क्वीन्सलंडनं सिरीज फिरवली. स्लेटरचा निर्णय बरोबर ठरला, मान्य. डिअर्डन जबरदस्त खेळला, तेही मान्य. पण दुसऱ्या दिवसापासून ‘हा कधी चांगला नव्हताच’ म्हणायला सुरुवात? तीन सिरीज जिंकून दिल्या त्या काय आपोआप?

मुळात हाफबॅकचं काम काय असतं हेच कुणी समजून घेत नाही. चेंडू असलेल्या टीमला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा खाली पाडलं की चेंडू समोरच्यांकडे जातो. पाचव्या टॅकलला चेंडू हाफबॅककडे येतो, अंगावर शंभर-शंभर किलोची माणसं धावून येत असतात आणि क्षणभरात ठरवायचं असतं: उंच मारायचा, कोपऱ्यात घासत सोडायचा की स्वतः घुसायचं. बरोबर निघालं तर टाळ्या ट्राय करणाऱ्या, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणाऱ्या, कडेच्या विंगरला. चुकलं तर शिव्या सात नंबरला. बरोबरीत अडकलेल्या किती मॅचेस या माणसानं गोल्डन पॉइंटमध्ये, म्हणजे पहिला गुण करेल तो जिंकेल अशा जादा वेळात, ड्रॉप गोल (चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारणं) मारून काढून दिल्या! छत्तिसाव्या वर्षीसुद्धा तो ऐंशीच्या ऐंशी मिनिटं मैदानात असायचा, टॅकल करत असायचा, आणि स्टँडमध्ये बसून बिअर पिणारा माणूस म्हणणार की याचं वय झालं, पैसे उकळतोय.

पैसे उकळत असता तर सदतिशीला आलेल्या खेळाडूशी रूस्टर्सनी करार केला असता का? तिथे भावनेवर कोण टीम बनवतं! आणि मॅन्लीनं त्याच्या जागी कुणाला आणलं? कॅनबेराहून जमाल फोगर्टीला. खेळाडू चांगला आहे, पण तोही तिशी ओलांडलेला. हाताशी एवढा अनुभवी हाफबॅक असताना क्लबला त्याच्या हाताखाली आपल्याच पोरांतून एक सात नंबर तयार करता आला नाही. राग काढायचाच असेल तर तिथे काढा ना.