बीटी कापसाच्या सरकीत ‘टर्मिनेटर’ नाही

‘बीटी कापसात टर्मिनेटर जनुक घातलंय, म्हणून घरची सरकी उगवत नाही,’ हा मेसेज दर पेरणीला फिरतो. तो खोटा आहे. टर्मिनेटर, म्हणजे ज्याच्या पिकाचं बी पुन्हा उगवत नाही असं बियाणं, जगात कुठेही बाजारात आलेलं नाही. भारताच्या 2001 च्या वाण-संरक्षण कायद्यात अशा वाणाची नोंदणीच होत नाही. शंका असेल तर 100 सरक्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, कोंब येतात.

खरी अडचण संकराची, म्हणजे दोन वाणांच्या मिलनातून केलेल्या बियाण्याची: त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही. बीजी-2 या बीटी कापसात क्राय1एसी आणि क्राय2एबी ही बोंडअळीला मारणारी जनुकं वेगवेगळ्या जागी बसलेली असतात. ती संकराच्या एकाच पालकाकडून आली असतील, तर पुढच्या पिढीत सरासरी 16 पैकी 9 झाडांत दोन्ही, 6 मध्ये एकच आणि एकात एकही नाही. उंची, फुलोराही मागेपुढे. संकराच्या बोंडातली सरकी हीच ती पुढची पिढी, म्हणून गुलाबी बोंडअळीला तर बोंडातच अशी सरमिसळ सरकी मिळते. अळीची बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढायला तेही एक कारण.