पळवलेले रानडुक्कर

शनिवारी कट्ट्यावर पोहोचलो तेव्हा बंड्या विटेच्या तुकड्याने फरशीवर दोन गावे काढून बसला होता. आदल्या रात्री 'एज ऑफ एम्पायर्स २' या गाव वसवून लढायच्या संगणक-खेळाच्या ऑनलाइन डावात समोरच्याने सुरुवातीलाच आपला स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, याच्या टाउन सेंटरपाशी, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीपाशी, आणला, याच्या वाट्याच्या रानडुकराला डिवचून मागे लावले आणि स्वतःच्या गावात नेऊन मारले.

"एका डुकरात ३४० अन्न असते आणि एक गावकरी ५० अन्नाला पडतो. जवळजवळ सात गावकऱ्यांचे अन्न गेले माझे! ही चोरीच आहे," बंड्या म्हणाला.

आमच्या वकील मित्राला हे मुळीच मान्य नव्हते. त्याने स्टारक्राफ्ट या तशाच संगणकीय युद्धखेळाचा २००४ सालचा कोरियातला गाजलेला उपांत्य सामना काढला. त्यात 'बॉक्सर' लिम यो-ह्वानने 'यलो' हाँग जिन-होवर तिन्ही डावांत अगदी सुरुवातीलाच त्याच्या तळाजवळ बंकर, म्हणजे आत बसून गोळीबार करायची ठाणी, बांधून हल्ला चढवला आणि ३-० असा सामना संपवला. लांबलेली झुंज पाहायला बसलेले प्रेक्षक चिडले, पण निकाल कायम राहिला. वकिलाचे म्हणणे असे, की जे नियमात बसते त्याला अन्याय म्हणता येत नाही.

मला नियमाचा आधार अपुरा वाटतो. त्या चालीला खेळातच उतारा आहे का, हे मी आधी पाहतो. डुक्कर पळवण्याला तो आहे: आपले डुक्कर वेळेत आणता येते, गावकरी टाउन सेंटरमध्ये घालून स्काउटवर बाण सोडता येतात, नाहीतर आपला स्काउट पाठवून त्याचेही डुक्कर पळवता येते. त्यामुळे बंड्याची तक्रार मला पटली नाही आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले.

कबड्डी खेळणारा आमचा एक मित्र म्हणाला, "उतारा नसेल तर खेळ चालवणाऱ्यांनी तो द्यावा. व्यावसायिक कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. वेळकाढूपणावर नुसता राग धरून काय झाले असते?" स्टारक्राफ्टमध्येही २००१ नंतर सैन्यांच्या ताकदीत बदल झाले नाहीत, तेव्हा कोरियातल्या स्पर्धांनी नवनवे नकाशे, म्हणजे खेळाची नवी रणांगणे, आणूनच समतोल सांभाळला.

तरीही एक गोष्ट मला सोडवत नव्हती. माझा मावसभाऊ हा खेळ शिकून आठवडाच झाला होता, तेव्हा त्याची गाठ नवे खाते उघडून बसलेल्या एका मुरलेल्या खेळाडूशी पडली. दोन्ही डुकरे गेली, पाठोपाठ मेंढ्या गेल्या, आणि नेमके काय घडते आहे हेही त्याला कळले नाही. वकील म्हणाला की दोष खोट्या खात्याचा आहे, चालीचा नाही. मला हा भेद तोकडा वाटतो. जोड्या लावणारी व्यवस्था खेळाडूच्या गुणांकावर विसंबते आणि हा माणूस तोच गुणांक लपवून बसलेला असतो. उतारा माहीत नसलेला प्रतिस्पर्धीच मिळावा म्हणून त्याने ही सोय केलेली असते, आणि मग चाल नियमातली असली तरी तो डाव मी न्याय्य म्हणणार नाही. भावाने त्यानंतर तो खेळ उघडलेला नाही.

बंड्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने पायाने एक रेघ पुसली, आपले गाव नव्याने काढले, आणि त्या रात्री स्वतःचा स्काउट कुठे उभा असायला हवा होता ते आम्ही सगळे मिळून शोधू लागलो.