नऊ सामन्यांत काय कळतं?

ऑक्टोबर लागला की कॅनडात दरवर्षी एकाच प्रश्नाचा काथ्याकूट सुरू होतो. जूनच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड) निवडला गेलेला, जेमतेम अठरा पूर्ण केलेला अमुक एक पोरगा एनएचएलमध्येच, म्हणजे आइस हॉकीच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्येच ठेवायचा की परत ज्युनियरला पाठवायचा? रेडिओवर तेच, रिंकवर तेच आणि आमच्या मिसिसागातल्या मराठी आईबाबांच्या ग्रुपवरही तेच, कारण इकडे वाढणाऱ्या आपल्या मुलांना आता आइस हॉकीचं वेड लागलंय. माझी दोन्ही मुलं रिंकवर वाढली, त्यामुळे या विषयावर मी बरीच वर्षं ऐकते आहे, बोलते आहे. आज सविस्तर लिहिते.

माझं मत असं की बऱ्याच मुलांना एनएचएलमध्ये वर्ष-दोन वर्षं आधीच आणलं जातं, आणि आणताना प्रश्नच चुकीचा विचारला जातो. 'हा इथे तग धरेल का?' एवढंच बघतात. हुशार पोरगा तग धरतोच हो. बघायला हवं ते हे, की या हिवाळ्यात तो सगळ्यात जास्त आणि सगळ्यात महत्त्वाची हॉकी कुठे खेळणार आहे.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी आधी ही भानगड थोडक्यात सांगते. कॅनडातली बहुतेक गुणी मुलं सोळाव्या वर्षापासून ज्युनियर लीगमध्ये खेळतात: ओंटारिओ, वेस्टर्न आणि क्वेबेक अशा तीन लीग, मिळून साठेक संघ. अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट होतो. निवडलेल्या मुलाशी संघ तीन वर्षांचा पहिला करार करतो. त्या वयात तो एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळला, तर कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडत नाही, पुढे सरकतं. दहावा सामना खेळला की घड्याळ सुरू. म्हणून सगळे 'नऊ सामन्यांची चाचणी' म्हणतात. हा आकडा कुठल्या प्रशिक्षकाने किंवा डॉक्टरने ठरवलेला नाही, तो करारनाम्यातला आहे. मूल तयार आहे की नाही हे नवव्या सामन्याच्या रात्री कळतं असं मानायला काहीच आधार नाही. तरी दरवर्षी सगळा देश तोच आकडा मोजत बसतो.

शेन राइटचं उदाहरण मला अजून अस्वस्थ करतं. पंधराव्या वर्षी त्याला 'असामान्य खेळाडू' म्हणून ओंटारिओ लीगमध्ये खास परवानगीने प्रवेश मिळाला होता. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला जाणार असं कितीतरी महिने बोललं जात होतं, पण मॉन्ट्रियलने युराय स्लाफकोव्हस्कीला घेतलं आणि राइट चौथ्या क्रमांकावर सिअॅटल क्रॅकनकडे गेला. क्रॅकनने त्याला ऑक्टोबरात ठेवून घेतलं. ठेवलं म्हणजे काय केलं? बरेच सामने तो सूट घालून वर प्रेक्षकांत बसला. खेळला तेव्हा सरासरी आठेक मिनिटं. हॉकीत एक शिफ्ट पाऊण मिनिटाची धरा, म्हणजे अख्ख्या संध्याकाळी दहा-अकरा वेळा बर्फावर. त्यातही पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतो तो वेळ) फारसा नाही, शेवटच्या मिनिटाला तर नाहीच. मग सरावापुरतं एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, कोचेला व्हॅली संघाकडे पाठवलं, तिथे पाच सामन्यांत चार गोल. परत बोलावलं, तर ६ डिसेंबरला नेमक्या मॉन्ट्रियलविरुद्ध त्याने एनएचएलमधला पहिला गोल केला. त्यानंतर ज्युनियर विश्वचषकात कॅनडाचा कर्णधार, सुवर्णपदक. मग पुन्हा ज्युनियरला रवानगी, आणि तिथेही लगेच किंग्स्टनहून विंडसरला अदलाबदल. एका हिवाळ्यात चार जर्सी! अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला यात एका जागी बसून काही शिकायला फुरसत तरी कुठे मिळाली?

पुढच्या वर्षी त्याला नियमातून विशेष सूट देऊन (हा नियम पुढे सांगते) एएचएलमध्येच ठेवलं. ५९ सामन्यांत ४७ गुण (हॉकीत स्वतःचा गोल किंवा गोलला केलेली मदत म्हणजे एक गुण). रोज खेळायला मिळालं, पॉवर प्लेवर पक त्याच्या स्टिकवर आला. आणि त्याच्यानंतरच्या, २०२४-२५ च्या हंगामात हाच पोरगा क्रॅकनसाठी ७९ सामन्यांत ४४ गुण मिळवून गेला. पहिल्या वर्षीही त्याच्या हातात कसब होतं. त्याला खेळायला जागा नव्हती, एवढंच.

याच्या उलट, उशिरा का होईना, एडमंटनने लिऑन ड्राइसाइटलच्या बाबतीत शहाणपणा केला. जर्मनीचा हा मुलगा २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. अठराव्या वर्षी ऑइलर्सकडून ३७ सामने खेळला आणि गुण किती, तर नऊ. जानेवारीत त्याला ज्युनियरला परत पाठवलं तेव्हा 'फुकट गेला', 'निवड चुकली' असं किती जणांनी म्हटलं असेल! तो केलोना रॉकेट्सकडे गेला, ३२ सामन्यांत ५३ गुण केले, वेस्टर्न लीग जिंकली. मेमोरियल कपचा, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर विजेतेपदाचा अंतिम सामना केलोना ओशावाशी जादा वेळेत हरला, तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हरलेल्या संघातला ड्राइसाइटलच ठरला. २०१९-२० मध्ये ११० गुण करून त्याने एनएचएलच्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी नेली. केलोनाच्या त्या चार-पाच महिन्यांत त्याने मोठ्या सामन्याचा भार उचलला. चौथ्या ओळीत (सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या आक्रमकांच्या तुकडीत) सहा मिनिटं खेळून तो उचलायला कोणी शिकत नाही.

मग सिडनी क्रॉस्बीचं काय, असं लगेच कोणीतरी विचारणार. विचारायलाच हवं. क्रॉस्बीने अठराव्या वर्षी, २००५-०६ च्या हंगामात १०२ गुण केले. मॅक्लिन सेलेब्रिनी आत्ताआत्ताचा: २०२४ मध्ये पहिला निवडला गेला आणि त्याच हंगामात सॅन होजेसाठी ७० सामन्यांत ६३ गुण. आणि मॅथ्यू शेफर! तो इथलाच, हॅमिल्टनच्या स्टोनी क्रीकचा. आई कर्करोगाने गेली, स्वतःचं कॉलरबोन मोडलं, ड्राफ्टच्या वर्षात ईरी ऑटर्सकडून जेमतेम १७ सामने खेळायला मिळाले. तरी २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याला पहिला निवडला आणि ऑक्टोबरात थेट उतरवला. इतका कमी खेळलेला, त्यात बचावपटू, म्हणून मला धाकधूक होती. पण आयलँडर्सनी त्याला शोभेपुरता ठेवला नाही. सुरुवातीपासून मोठी मिनिटं दिली, पॉवर प्ले दिला, चुकल्यावरही पुढच्या शिफ्टला पाठवलं. असं देणार असाल तर अठराव्या वर्षी जरूर आणा, माझी काही हरकत नाही.

स्लाफकोव्हस्कीकडे बघा. पहिल्या वर्षी ३९ सामने, दहा गुण, मग गुडघ्याची दुखापत. तो युरोपातून आलेला असल्यामुळे त्याला एएचएलला पाठवता येत होतं, तरी मॉन्ट्रियलने वरच ठेवला. पुढच्या वर्षी ५० गुण झाल्यावर 'बघा, वर ठेवलं ते बरोबरच होतं' असं लोक सांगायला लागले. पण तो खुलला केव्हा? डिसेंबर २०२३ मध्ये सुझुकी आणि कॉफिल्ड या संघातल्या आघाडीच्या खेळाडूंबरोबर पहिल्या ओळीत खेळायला लागल्यावर. भूमिका मिळाली आणि पोरगा फुलला. ती मिळेपर्यंतचा काळ त्याला दुसरीकडे जास्त कामाचा गेला असता असं मला अजून वाटतं.

शरीराबद्दल लोक भरपूर बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटपते. अठरा वर्षांच्या मुलाची ताकद भरायची असते, समोर तिशीतले, नव्वद-शंभर किलोचे बचावपटू असतात आणि बोर्डवर आदळणं रोजचं. ८२ सामन्यांच्या धावपळीत जिमला आणि शांतपणे सराव करायला वेळ मिळत नाही. एवढं पुरे.

आता सचिनचं नाव येणार, ते दरवेळी येतंच. सोळाव्या वर्षी कराचीत वकार-इम्रानसमोर उभा राहिला ना? राहिला. पण त्याआधी तो मुंबईकडून रणजी खेळला होता, पंधराव्या वर्षी पदार्पणातच शतक ठोकलं होतं, अख्खा हंगाम मोठ्या माणसांच्या गोलंदाजीवर काढला होता. ज्युनियर आणि कसोटी यांच्यामध्ये त्याला एक पायरी होती. इथल्या हॉकीत नेमकी तीच पायरी काढून ठेवली आहे.

एनएचएलच्या खाली एएचएल आहे. प्रौढांची, कसलेल्या खेळाडूंची लीग, आणि एनएचएलमधले बहुसंख्य खेळाडू तिथूनच वर येतात. पण एनएचएल आणि कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या जुन्या करारामुळे, ज्युनियरमधून निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत त्याला तिथे खेळवता येत नाही. एक तर वर ठेवा, नाही तर पोरांत परत पाठवा. युरोपातून आलेल्या मुलाला ही अट नाही. मिको रँटानेनला कोलोराडोने २०१५ मध्ये नऊ सामने वर खेळवलं, एकही गुण नाही. मग एएचएलमधल्या सॅन अँटोनियोला पाठवलं, तिथे ५२ सामन्यांत ६० गुण. मोरिट्झ सायडरला डेट्रॉइटने २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. एक वर्ष ग्रँड रॅपिड्समध्ये एएचएल, एक वर्ष स्वीडनच्या पहिल्या लीगमध्ये, आणि मग २०२१-२२ मध्ये एनएचएलमध्ये येऊन ५० गुण आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. दोन वर्षं तो मोठ्या माणसांत आणि मोठ्या भूमिकेत खेळला. हीच सोय ओंटारिओत जन्मलेल्या मुलाला का नसावी?

ज्युनियर संघांची बाजू मला कळते. रेड डिअर, मेडिसिन हॅट, केलोना ही काही मोठी शहरं नाहीत. तिथली माणसं थंडीत याच संघांसाठी घराबाहेर पडतात, चांगला खेळाडू गेला की तिकिटं खपत नाहीत. त्यांनी मुलाला सोळाव्या वर्षापासून घडवलेलं असतं, कुठल्यातरी कुटुंबाने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलेलं असतं. त्यांचं नुकसान भरून द्या, भरपूर पैसे द्या. पण एकोणिसाव्या वर्षी ज्याला ज्युनियरमध्ये शिकण्यासारखं काही उरलं नाही त्याला अडकवून ठेवू नका.

थोडी कवाडं उघडतायत. ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर खेळलेल्या मुलांना अमेरिकन कॉलेज हॉकी खुली झाली. गॅव्हिन मकेना लगेच मेडिसिन हॅट सोडून पेन स्टेटला गेला. कॉलेजमध्ये सामने कमी, बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपास, आठवडाभर जिम आणि सराव, समोर बावीस-तेवीस वर्षांची मुलं. मला ही वाट फार आवडते, त्याचं कारण केल मकार. चौथ्या क्रमांकावर निवडला गेल्यावरही तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं राहिला. पहिल्या वर्षानंतर निघता आलं असतं, त्याने थांबायचं ठरवलं. १३ एप्रिल २०१९ ला त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत हरला आणि १५ तारखेला तो कोलोराडोकडून प्लेऑफमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात गोल. पुढच्या वर्षी काल्डर. ही वेळ त्याची त्याने निवडली होती.

आता आपल्या लोकांशी थोडं. ड्राफ्ट झाला, करार झाला की आपल्याकडे नातेवाइकांचे फोन सुरू होतात, 'मग टीव्हीवर कधी दिसणार?' ज्याला खाली पाठवतात त्याच्या आईवडिलांना जणू मुलगा नापास झाल्यासारखं तोंड लपवावं लागतं. मॅनी मल्होत्रा आमच्या मिसिसागात जन्मलेला, वडील मूळचे भारतातले. १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतला आणि अठराव्या वर्षीच ७३ सामने खेळवला. पुढच्या हंगामात तो २७ सामने एकही गुण न करता वर, थोडा एएचएलमध्ये, थोडा परत ग्वेल्फच्या ज्युनियर संघात असा फिरत राहिला. जिद्दीने ९९१ एनएचएल सामने खेळला, ही त्याची कमाई. पण त्याच्यातला गोल करणारा खेळाडू त्या घाईत मागे पडला असं मला नेहमी वाटतं. तोच मल्होत्रा पुढे अॅबट्सफर्ड कॅनक्सचा प्रशिक्षक झाला आणि जून २०२५ मध्ये त्याच्या संघाने एएचएलचा काल्डर कप जिंकला. त्या संघात व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बैंस होता. पंजाबी घरातला, ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला. ज्या हंगामात रेड डिअरकडून वेस्टर्न लीगमध्ये सर्वाधिक गुण केले, त्याच हंगामात व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला. त्याचा पहिला एनएचएल सामना फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेविसाव्या वर्षी. या मुलाला 'अजून खालीच का?' असं विचारणारे आपल्यातलेच होते, मी कानांनी ऐकलंय.

एनएचएल आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२५ मधल्या नव्या करारात, सप्टेंबर २०२६ पासून प्रत्येक संघाला एकोणीस वर्षांचा एक ज्युनियर खेळाडू एएचएलला पाठवता यावा अशी वाट काढली आहे. चांगलं आहे, पण संघाला एकच का? एकाच वर्षी दोन चांगले बचावपटू निवडणाऱ्या संघाने त्यातला कोणता अडकवायचा? मला ही संख्येची अट काढलेली हवी आहे. आणि जायचं की ज्युनियरमध्येच राहायचं, यावर त्या मुलाची लेखी संमती घ्यायला हवी, कारण आज या सगळ्या व्यवहारात जनरल मॅनेजर बोलतो, लीग बोलते, एजंट बोलतो, आणि ज्याने बर्फावर उतरायचं त्याला बहुतेक वेळा फक्त कळवलं जातं.