धुऱ्यावरचा वांझ ताड ‘आफ्रिकन’ नाही, तो नर आहे

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘फळ न धरणारा ताड आफ्रिकन जातीचा असतो, निरुपयोगी आहे, तोडून टाका.’ सोबत पिवळ्या-नारिंगी फळांच्या घडाचा फोटो. मेसेज चुकीचा आहे.

फोटोतला ताड खरोखर आफ्रिकन आहे. त्याची फळं पिकली की पिवळी-नारिंगी होतात आणि मोठ्या झाडाचं खोड वरच्या बाजूला फुगीर दिसतं. आपल्या ताडाची फळं काळपट-जांभळी. पण फळ धरणं न धरणं हे जातीवर ठरतच नाही, कारण दोन्ही जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फोटोत फळं लगडलेली आहेत, हेच त्या मेसेजला खोटं ठरवतं.

ओळख फुलोऱ्यावरून करा. नराला बोटासारख्या जाड, लांब लोंब्या येतात, त्यावर बारीक फुलं. मादीच्या दांड्यावर मोठी, गोल, बोंडासारखी फुलं थेट बसलेली असतात. पहिला फुलोरा यायलाच साधारण 12 ते 20 वर्षं लागतात, तोवर पानांवरून काही कळत नाही. म्हणून लहान झाडाला वांझ ठरवूच नका.

नर तोडले तर परागच राहणार नाही, मग मादीला ताडगोळे कुठून धरणार? नीरा तर नराच्या लोंब्यांतूनही निघते. आणि ताडाला शेंडा एकच. तो छाटला की झाड मेलं, बुंध्यातून पुन्हा फुटत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.