कॉलेजात दोन खेळ म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’? साफ चूक

कॉलेजच्या संघांच्या ट्रायल जवळ आल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. मुलात गुणवत्ता असेल तर अकरावीत पाऊल ठेवताच त्याने एकच खेळ धरावा, बाकीचे सोडावेत. कारणं चार: सचिन एकाच खेळामुळे घडला, दहा हजार तास घातल्याशिवाय कुणी मोठं होत नाही, दोन खेळ म्हणजे दुप्पट दुखापती, आणि दोन्हीकडे अर्धवट राहिलं तर ना प्रमाणपत्र, ना नोकरी. शेवटी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असतंच. हे वाचून चांगल्या पोरापोरींचा दुसरा खेळ एका रात्रीत बंद होतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘सचिनला बघा.’ सचिन शाळेपासून क्रिकेटचाच आणि सोळाव्या वर्षी, नोव्हेंबर 1989 मध्ये, कराचीत कसोटी खेळला. हे खरंच आहे. पण त्याच्याइतकाच घाम गाळून मुंबईच्या संघापर्यंतही न पोहोचलेली मुलं शिवाजी पार्कवर कितीतरी होती. त्यांच्यावर कुणी मजकूर लिहीत नाही. आणि उदाहरणंच हवी असतील तर मुंबईचीच क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्स घ्या. ती महाराष्ट्राच्या सतरा वर्षांखालील हॉकी संघातही होती आणि मुंबईच्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट संघातही. 30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 339 चं लक्ष्य दिलं, तेव्हा नाबाद 127 करून सामना काढला तो तिने. तिचा स्वीप, म्हणजे गुडघ्यावर बसून मारलेला आडवा फटका, नीट पाहा: गुडघा जमिनीलगत, कंबर वाकलेली, मनगट अगदी शेवटच्या क्षणी वळतं. हॉकी स्टिक धरलेला कुणीही ही ठेवण ओळखेल. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी तर कॉलेजच्या वयाचंच उदाहरण. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ती बास्केटबॉलही खेळली आणि अ‍ॅथलेटिक्सही. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनला, म्हणजे सात प्रकारांच्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत, तिने केलेला 7291 गुणांचा विश्वविक्रम आजही उभा आहे.

उलट बाजूने फिरणारे मजकूरही तितकेच तपासून घ्यावेत. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू एबी डिव्हिलियर्स हॉकी, रग्बी, पोहणं, बॅडमिंटन सगळ्यातच राष्ट्रीय पातळीवर होता, ही कथा अजून फिरते. त्यातलं बरंचसं त्याने स्वतःच खोडून काढलंय. आपली बाजू खरी असली तरी तिला खोट्याचा टेकू देऊ नये.

‘दहा हजार तास.’ हा आकडा आला कुठून? 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. त्यांतल्या सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. म्हणजे अभ्यास वादकांचा, आकडा सरासरीचा, आणि ‘इतके तास भरले की झालात मोठे’ असं त्यात कुठेच नव्हतं. खेळाडूंबद्दल जाणून घ्यायचं तर खेळाडूंचाच अभ्यास बघावा. आर्ने ग्युलिश, ब्रूक मॅकनमारा आणि डेव्हिड हॅम्ब्रिक या संशोधकांनी 2021 मध्ये सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करून तपासली. त्यांत जागतिक दर्जाचे सातशेहून अधिक होते. राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत हे जागतिक दर्जाचे खेळाडू लहानपणी जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती. कुमार गटात चमकलेल्यांचं चित्र नेमकं उलटं. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. सोळाव्या वर्षी पदक मिळवायचा रस्ता आणि पंचविसाव्या वर्षी मिळवायचा रस्ता एकच असेल असं नाही.

हा अभ्यास प्रामुख्याने शालेय वयाबद्दल बोलतो, हे मान्य. पण सतरा-अठराव्या वर्षी दारं बंद होतात असं मानणाऱ्यांनी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे आठवावा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहून आला, 2015 मध्ये क्रॉस-कंट्री पळू लागला आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, त्यानंतर वळला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाची मक्तेदारी मोडून त्याने रौप्य आणलं.

‘दुप्पट दुखापती.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण हा मजकूर पोरांना थेट अपायच करतो. एकच हालचाल बारा महिने केली की शरीराचा तोच भाग झिजतो. उजव्या हाताने टाकणारा सतरा वर्षांचा वेगवान गोलंदाज घ्या. चेंडू सोडताना तो मागे कलतो, वळतो, बाजूला झुकतो आणि सगळा भार कमरेच्या मणक्यांच्या डाव्या बाजूवर येतो. हाडं अजून पुरती पक्की नसतात. आधी ‘कंबर आखडलीय’ म्हणून मलम लागतं. मग एका पायावर उभं राहून मागे वाकलं की विशिष्ट जागी कळ येते. एमआरआय होईपर्यंत हाडाला बारीक चीर गेलेली असते आणि अख्खा हंगाम बुडतो. त्या मुलाने वर्षातले काही महिने चेंडू खाली ठेवून फुटबॉल किंवा खो-खो खेळला असता तर मणक्याला विसावा मिळाला असता, आणि पायांतली चपळाई वाढली असती ती वेगळीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये हेच सांगितलं: बहुतेक खेळांत पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आणि वर्षातून एकूण तीन महिने तरी मुख्य खेळापासून सुट्टी द्या.

मात्र एक धोका खरा आहे. सकाळी कबड्डीचा प्रशिक्षक दोन तास घेतो, संध्याकाळी अ‍ॅथलेटिक्सचा दोन तास घेतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो. तिथे पोरगं मोडतं. दोष दोन खेळांचा नाही, एकूण भार कुणीच मोजत नाही त्याचा आहे. कॉलेजच्या क्रीडा संचालकाने दोन्ही प्रशिक्षकांना एका टेबलाशी बसवलं तर हे सुटतं. जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंग यांना मात्र मी यातून वगळतो. तिथे कोवळ्या वयातच सगळा वेळ द्यावा लागतो.

‘ना प्रमाणपत्र, ना नोकरी.’ चारांतला हाच मुद्दा वजनदार. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, बारावीला सवलतीचे गुण आहेत, आणि ज्या घरात हाच एक आधार आहे तिथे शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण दोन खेळ म्हणजे दोन्हींना सारखाच वेळ, असं कुणी सांगितलं? एक मुख्य, एक जोडीचा. मुख्य खेळाच्या जिल्हा-विभागाच्या स्पर्धा चालू असताना जोडीच्या खेळाची ट्रायल सोडायची. त्या संपल्या की दुसऱ्या मैदानावर मोकळं सोडायचं. आणि निवड शेवटी संघातल्या मोजक्या जागांवर अडते. क्रिकेटच्या दारात तीन वर्षं ताटकळलेल्या चपळ मुलाला खो-खोत विद्यापीठाच्या संघात जागा मिळू शकते, पण अकरावीतच तुम्ही त्याचा खो-खो सोडवला नसेल तरच.