गुळाचा चहा पिऊन रक्त वाढतं म्हणे!

आमच्या सांगलीत सध्या एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. साखर विष आहे, रोज दोन कप गुळाचा चहा घ्या, रक्त वाढेल, शुगरवाल्यांनाही चालतो, गूळ काळा असला की बिनकेमिकलचा, आणि लोहाच्या गोळ्या सरळ बंद करा. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा बघत वाढलोय, गूळ मलापण आवडतो, पण हे जरा अतीच झालं.

आधी रक्ताचं बघू. गुळात लोह असतं, खोटं नाही. पण 100 ग्रॅमला अडीच ते पाच मिलिग्रॅमच्या आसपास. दोन कप चहात गूळ पडतो साधारण 20 ग्रॅम, म्हणजे लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम, आणि बाईमाणसाला दिवसाला लागतं 29 मिलिग्रॅम (आयसीएमआर, म्हणजे देशाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, तिचा 2020 चा आकडा). सगळं गुळातूनच काढायचं म्हटलं तर रोज अर्धा किलोच्या वर गूळ, झेपेल का? त्यात परत चहा! चहातल्या टॅनिनमुळं लोह अंगाला कमी लागतं, म्हणजे जे थोडंफार मिळणार होतं तेपण गेलं. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वर लिंबू पिळा, सी व्हिटॅमिननं लोह चांगलं शोषलं जातं, आणि चहा जेवणानंतर तास-दीड तासानं घ्या.

शुगरवाल्यांना चालतो? अजिबात नाही. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, 100 ग्रॅमला साधारण 380 कॅलरी, साखरेला 400. फरक तो काय! आमच्याकडं गुळाचा आहे म्हणून एकाऐवजी दोन कप पिणारे डायबेटिसवाले आहेत, त्यांना काय सांगायचं.

काळ्या रंगाचं म्हणाल तर रंग उसाची जात, जमीन, काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) रस किती आटला यावरपण ठरतो. पिवळाधमक दिसावा म्हणून काहीजण हायड्रोस नावाचं रंग उजळणारं केमिकल टाकतात हे खरंय, पण म्हणून काळा दिसला की चोख असं होत नाही, ओळखीच्या गुऱ्हाळावरून घेतला तर निदान विचारता तरी येतं.

आता गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याचा मात्र खरंच राग येतो. महाराष्ट्रात 2019-21 च्या सरकारी पाहणीत 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला होता. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक. तिनं मळमळतं, शी काळी होते, म्हणून बायका घाबरून सोडतात आणि नेमका तेव्हाच हा मेसेज येतो. शी काळी होणं नॉर्मल आहे. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, वेगळ्या वेळी, आणि तरी त्रास होत असेल तर आशाताईंना नाहीतर डॉक्टरांना विचारा, ग्रुपवर नको.